आडवी रेघ

१४ ऑगस्ट

बारक्या,

काल रात्री मी तीन तास गच्चीवर उताणी पडून होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. खाली सतरंजी, उशाला बाबांचा जुना कोट, शेजारी स्टँडवर बाबांचाच कॅमेरा, आणि हातात शटर उघडं धरून ठेवायची ती तार. समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकी उघडून विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का? कोणाला बोलवू?" मी म्हटलं, "उल्का बघतेय." ती म्हणाली, "बरं," आणि खिडकी लावून घेतली. आता आठवडाभर जिन्यात लोक माझ्याकडे कसे बघतील ते तू ओळखशीलच.

दरवर्षी नव्या वर्षाला तुला चार ओळी टाकते. एकवीस वर्षांत एकाही पत्राचं उत्तर नाही. तीनदा तुझा पत्ता बदलला, तिन्ही वेळा मावसबहिणीकडून काढून घेतला. पण एकही पत्र परत आलेलं नाही, त्यावरून मी धरून चालते की ती तुझ्या दारातून आत जातात. पुढे तू ती वाचतोस की चुलीत घालतोस, तुझं तू जाणे. मावसबहीण म्हणते, तू शीतगृहात रात्रपाळी करतोस आणि कॅमेऱ्याला हात लावत नाहीस. ती हे सहज म्हणाली. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी आपलं फोटोचं दुकान उघडलं नाही.

यंदा पत्र अवेळी आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आता मीच उरलेय. मला तुला एक फोटो पाठवायचाय. उल्केचा. एकच, पण खरा. आणि त्याचं तुझ्याकडून उत्तर यावं असं मनात आहे, ते लपवत नाही. हे खूळ कुठून आलं ते सांगेन कधीतरी. आज नाही.

कालचा हिशेब ऐक. बारा फोटोंचा रोल, प्रत्येक फोटोला शटर पंधरा मिनिटं उघडं. पाच ढगात गेले. चारांच्या वेळी भिंगावर दव बसलं होतं, ते मला रोल धुतल्यावर कळलं, सगळं दूध सांडल्यासारखं. उरलेले तीन चौकातल्या नव्या पांढऱ्या दिव्यांनी खाल्ले. उल्का मात्र मला सात दिसल्या. सातही कॅमेऱ्याच्या पाठीमागे.

तू हे कसं करायचास रे? वीस वर्षांचा होतास, डिसेंबरच्या थंडीत सलग तीन रात्री, एक स्वेटर आणि एक थर्मास. मी चहा करून द्यायचे आणि वर म्हणायचे, "आकाश काही पळून जात नाही, झोप आता."

ते जाऊ दे. तब्येतीला जप.

ताई


३ सप्टेंबर

बारक्या,

तुझा एक लोकरी मोजा मी कापलाय, आधीच कबूल करते. निळा, टाचेला रफू केलेला. एकच होता, जोडीचा दुसरा तू पायात घालून गेलास की काय कोण जाणे. पंजाकडचा भाग कापून त्याची नळी केली आणि भिंगाभोवती चढवली. आत गरम पाण्याची छोटी बाटली बांधायची, म्हणजे काच उबदार राहते आणि दव बसत नाही. ही युक्ती चष्मेवाल्यांची.

त्यांची तुझी ओळख नाही. पूर्वी किल्ल्या करणारा बसायचा ना, त्या गाळ्यात आता हे असतात. माणूस सरळ आहे, फक्त एकदा बोलायला लागला की त्याला ब्रेक नाही. आकाशाचं वेड त्यांनाही आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे त्यांनीच सांगितलं. जानेवारीत ऑपरेशन. तोवर दिवा बघितला की त्याला चारी बाजूंनी केस फुटलेले दिसतात. रिटचिंग मी मार्चपासून बंद केलंय. पासपोर्टचे फोटो तेवढे काढते, म्हणजे ते यंत्रच काढतं, मी फक्त "हनुवटी खाली" म्हणते. आणि असले डोळे घेऊन मी उल्केच्या मागे लागलेय. नाचता न येणाऱ्याचं अंगण तरी वाकडं असतं, माझा डोळाच वाकडा.

हे तुला चमत्कारिक वाटेल. तुझ्या आठवणीतली ताई म्हणजे खिडकीशी झुकलेली पाठ, उजेडावर धरलेली निगेटिव्ह आणि हातात ती बारीक सुरी. लोकांच्या चेहऱ्यांवरचे फोड, साडीवरचे डाग, फिल्मवरचे ओरखडे, सगळं मी खरवडून काढायचे आणि पेन्सिलीने वरून सारखं करायचे. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझ्या पोरीची सुरी कुठून गेली ते दाखवा, फोटो फुकट." एकानेही कधी दाखवलं नाही.

गेल्या शुक्रवारी रोल धुतला आणि सातव्या फोटोवर रेघ! ताऱ्यांच्या सगळ्या रेघा एका वळणाने गोल गेलेल्या, आणि ही एकटी त्यांना कापून आडवी. मी ओल्या हातांनी तशीच शेजारी धावले. चष्मेवाल्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ताई, हिच्यावर सारख्या अंतरावर ठिपके आहेत. लुकलुकणारा दिवा आहे हा. विमान गेलंय."

"कशावरून?"

"उल्का अशी नसते. बारीक सुरू होते, मध्ये जाड होते आणि परत निमुळती होत संपते. दोन्ही टोकं बघायची. ओरखड्याची टोकंसुद्धा तशी नसतात."

दोन्ही टोकं निमुळती. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. मी निगेटिव्ह घेऊन घरी आले आणि त्या विमानातल्या लोकांना दोन शिव्या घातल्या.

ताई


२३ ऑक्टोबर

बारक्या,

यंदा ऑक्टोबरात चंद्राने घात केला. पाण्याच्या टाकीपलीकडे मोकळं मैदान आहे, तिथे चष्मेवाले मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. चौकातले दिवे नाहीत, ढग नाहीत, मोजा बांधलेला, बाटली गरम. आणि डोक्यावर हा एवढा चंद्र. शटर पंधरा मिनिटं उघडं ठेवलं तर फोटोत दिवस उजाडतो. दोन वाजेपर्यंत तो मावळायची वाट बघत आम्ही गाडीबाहेर चहा पीत बसलो.

माणूस रिकामा बसला की विचारतोच. "भाऊ कुठे असतो? येत नाही का?"

मी नेहमीची हकीकत सांगितली. तुला फोटोग्राफीच्या शाळेत जायचं होतं, प्रवेशासाठी बारा फोटो हवे होते, अकरा तयार होते. बाराव्यासाठी तू उल्केच्या मागे लागलास. तिसऱ्या रात्री अंगात ताप घेऊन आलास, म्हणालास मिळाली. रोल धुतला तर त्यावर काही नव्हतं. तू ते मनाला लावून घेतलंस, शाळेत गेलाच नाहीस, आणि दोन महिन्यांनी घरही सोडलंस.

"बिचारा," चष्मेवाले म्हणाले. "तापात होतात भास."

"हो ना," मी म्हटलं.

एकवीस वर्षं हीच हकीकत सांगतेय. बाबांना सांगितली, मावशीला सांगितली, तुझ्या वर्गातल्या त्या मुलीला सांगितली. इतकी घोटली आहे की मध्ये अडखळत नाही. परवा मात्र लख्ख चांदणं होतं आणि आमच्या दोघांच्या सावल्या गाडीच्या दारावर स्पष्ट पडल्या होत्या. मला उगाच वाटत राहिलं की त्यांना कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असेल. चंद्र मावळला तेव्हा मी म्हटलं, "चला घरी, माझं डोकं दुखतंय." एकही फोटो काढला नाही.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. मी त्याचा राग धरायचा फार प्रयत्न केला. चार दिवस टिकला. मग तुझ्या कपाटातले शर्ट उन्हात घातले, परत घड्या घालून ठेवले. अजून दरवर्षी घालते. तुला ते आता दंडात बसणार नाहीत.

तुझी आठवण येते. रोज येते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील ताई अतिशयोक्ती करते. दुपारी दोन ते चार येत नाही, तेव्हा मी झोपते.

ताई


१९ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

परवाच्या रात्री आम्ही पुन्हा मैदानात होतो. चंद्र बाराच्या सुमारास मावळला, आकाश चांगलं होतं. माझ्या रोलवर काही आलं नाही. चष्मेवाल्यांकडे त्यांचा नवा कॅमेरा होता, तो आपोआप एकामागून एक फोटो काढत राहतो. एकशे ऐंशी काढले. पहाटे तीनला त्यांनी माझा दंड धरून हलवला, "ताई, ती बघा!" मी वळेपर्यंत गेली होती.

काल त्यांनी मला त्यांच्या दुकानात बोलावलं. ते एकशे ऐंशी फोटो कॉम्प्युटरने एकमेकांवर बसवून एक स्वच्छ फोटो केला होता. तारे कसे, धुतलेल्या भांड्यासारखे. उल्का नाही. चष्मेवाले पडद्याला नाक लावून म्हणत होते, "अहो, पण मी पाहिली ना. मी पाहिली."

आवाजसुद्धा तुझ्यासारखा झाला होता त्यांचा.

मग त्यांनी सुटे फोटो एकेक करून बघितले. एकशे बेचाळिसाव्यात ती होती. ते हसायला लागले. "बघा कसं आहे, जे सगळ्या फोटोंत आहे ते हा कॉम्प्युटर ठेवतो. जे एकातच आहे त्याला घाण समजतो आणि पुसून टाकतो. त्याचा काय दोष, त्याला शिकवलंयच तसं."

मी माझं दुकान बंद करून घरी आले, आणि आज लिहितेय.

बारक्या, त्या रोलवर उल्का होती.

तू सकाळी तापाने फणफणत आलास. म्हणालास, "ताई, नुसता धुऊन ठेव, बाकी मी उठल्यावर." मी धुतला. वाळवला. उजेडावर धरला आणि पाचव्या फोटोवर मला ती दिसली. ताऱ्यांच्या बारीक बारीक रेघा, सगळ्या एका वळणाने, आणि त्यांना कापून गेलेली एक आडवी. मला काय वाटलं असेल सांग. मी तोवर सोळा वर्षं ओरखडेच काढत होते. मला तुझी कीव आली. म्हटलं, पोराने तीन रात्री काढल्या आणि फिल्मवर ओरखडा पडला. त्याला उठल्यावर तयार फोटो देऊ, खूश होईल.

दोन तास लागले. इतकं बारीक काम मी त्याआधी केलं नव्हतं. सुरीने रेघ खरवडली. सुरी गेली तिथे ताऱ्यांच्या रेघा तुटल्या, त्या पेन्सिलीने एकेक जोडल्या. अकरा जोडल्या. मग मोठा फोटो काढला आणि तुझ्या उशाशी आणून ठेवला. मी स्वतःवर फार खूश होते रे.

तू संध्याकाळी उठलास. फोटो हातात घेतलास. बघत राहिलास.

"ती कुठे गेली?"

"कोण ती?"

"उल्का. इथे, या कोपऱ्यातून अशी गेली. मी पाहिली, ताई. शटर उघडं होतं."

त्या क्षणी मला कळलं. तुझं बोट फोटोवरून ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने दुपारी माझी सुरी गेली होती. तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. तू रडला असतास, ओरडला असतास, मला मारलं असतंस तरी चाललं असतं. पण बाबा दारात उभे होते आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नव्हतं. ताप आहे तुला, भास झाला असेल."

तू बाबांकडे बघितलंस. बाबा म्हणाले, "ताई कशाला खोटं बोलेल?"

त्या दोन महिन्यांत तू मला किती वेळा विचारलंस ते मी मोजलंय. नऊ वेळा. शेवटच्या खेपेला मी चिडले, कारण खोटं बोलणाऱ्याला चिडावंच लागतं. म्हटलं, "ज्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, त्याने या धंद्यात पडू नये." तू दुसऱ्या दिवशी गेलास. कॅमेरा टेबलावर ठेवून गेलास.

तुला भास झाला नव्हता. तुझे डोळे ठीक होते. आई गेली तेव्हा तू दीड वर्षांचा होतास, मी सतरा पार करून अठराव्यात पाऊल टाकलेलं. तेव्हापासून तुला मी वाढवलं, आणि मीच तुझ्या डोळ्यांवरचा तुझा विश्वास काढून घेतला. का, याचं उत्तर फार लहान आहे. लाज वाटली. माझी सुरी चुकली असं कोणी म्हणू नये, एवढंच.

ताई


२० नोव्हेंबर

काल पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पेटीच्या फटीत हात घालून बघितला. मनगटापर्यंत जातो, पुढे जात नाही. पोस्टातली मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही."

बरं झालं हात गेला नाही ते.


१६ डिसेंबर

बारक्या,

या पत्राबरोबर खोकं आहे. आधी पत्र वाच, मग उघड. उघडायचं नसेल तर माळ्यावर टाक, पण फेकू नकोस, त्यात बाबांची वस्तू आहे.

तेरा तारखेच्या रात्री मैदानात इतकी थंडी होती की कॅमेऱ्याची तार काठीसारखी ताठ झाली. चंद्राची कोर लवकरच बुडाली. तुझा मोजा भिंगाला, बाबांचा कोट मला. चष्मेवाल्यांनी दोन मफलर गुंडाळले होते आणि तरी बोलणं चालूच. आठवा फोटो चालू होता. शटर उघडून सहा मिनिटं झाली असतील.

मला आजकाल प्रत्येक उजेडाला केस दिसतात, त्यामुळे मी कशावर विश्वास ठेवत नाही. पण मोतीबिंदूचे केस जागेवर असतात. ही हलली. डावीकडून निघाली, मध्ये भरली, आणि बारीक होत होत संपली. चष्मेवाले एकदम गप्प झाले, त्यावरून मला खात्री पटली. कॅमेऱ्याचं तोंड तिकडेच होतं. बहुतेक. काच स्वच्छ होती की नाही, तार गारठून शटर मध्येच मिटलं तर नव्हतं, मी कॅमेरा पुरेसा वर धरला होता की नाही, हे काही मला सांगता येत नाही. मी शटर मिटलं. उरलेले चार फोटो काढलेच नाहीत. रोल गुंडाळून छातीशी धरून घरी आले.

परवा डार्करूममध्ये गेले. फिल्म धुवायचं औषध कालवलं, दिवा घालवला. रोल हातात होता. अंधारात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, त्यामुळे तिथे मी अजूनही पूर्वीचीच आहे, बोटं आपली आपण कामाला लागतात. कागदाची पट्टी फाडायला नख लावलं आणि थांबले. मनात आलं, मी हा धुणार, वाळवणार, उजेडावर धरणार. तिथे रेघ असेल तर या डोळ्यांना ती उल्का वाटेल की ओरखडा? आणि नसेल तर मी तुला काय लिहीन? मला माझी चांगली ओळख आहे. मी तासभर अंधारात बसून राहिले. मग दिवा लावला, औषध मोरीत ओतलं आणि रोलला वरून चिकटपट्टी मारली.

तो खोक्यात आहे. उघडलेला नाही, धुतलेला नाही. सोबत बाबांचं रोल धुवायचं भांडं आहे, झाकणाचा कोपरा तूच लहानपणी पाडून तोडला होतास. औषधाच्या दोन पुड्या आहेत, थर्मामीटर मोज्याच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलाय. तुला बाराव्या वर्षी मीच शिकवलं होतं, डोळे मिटून फिल्म रिळावर चढवायला. हात विसरत नाहीत. खोलीत पूर्ण अंधार कर, दाराच्या फटीला टॉवेल लाव, पाणी कोमट नको.

वेगळ्या पाकिटात तुझी जुनी निगेटिव्ह आहे, पाचवी. एकवीस वर्षं माझ्या शिवणाच्या डब्यात होती. खिडकीशी तिरकी धर आणि भिंगातून बघ. सुरी जिथून गेली तिथे फिल्मची चकाकी गेलेली दिसेल. तेवढीच लांब, तशीच आडवी, तू बोटाने दाखवलीस त्याच जागी. बाबा फोटो फुकट देणार होते ना, तर हा तुझा.

तुझी माफी मिळावी म्हणून हे पाठवत नाही. ऑपरेशनला ये असंही म्हणत नाही, चष्मेवाल्यांची बायको बरोबर येणार आहे. यावंसं वाटलं तर किल्ली पूर्वीच्याच जागी असते. तुला भेटायची इतकी इच्छा आहे की ती लिहायला गेले की अक्षर बिघडतं, म्हणून ती इथेच सोडते.

रोल मात्र धू. त्यावर उल्का असली तर ती तुझ्याकडेच ठेव, मला दाखवलीच पाहिजे असं नाही. आणि नसली तर एका कार्डावर "काही नव्हतं" एवढंच लिहून टाक. खाली सहीसुद्धा नको. शब्द माझेच आहेत, पण तुझ्या हातून आले तर खरे असतील.

तुझी
ताई